भिंतीला घातलेला स्वेटर

आमच्या डिंगोरे गावातल्या घराची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. तिच्यालगतच वडिलांची खाट. दुपारी त्यांना झोप लागत नाही, आणि त्यांना लागली नाही की ते आम्हालाही लागू देत नाहीत. म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठरवलं, भिंतीला आतून फोमच्या जाड शीटा लावायच्या आणि त्यावर जिप्सम बोर्ड. मिस्त्री कशाला? व्हिडिओतला माणूस शिट्टी वाजवत काम करत होता.

माल मंचरहून टेम्पोनं आला. मीही शिट्टी वाजवत शीटा चिकटवल्या, बोर्ड स्क्रूंनी आवळले आणि आईला हाक मारली. ती बघत असतानाच पहिला बोर्ड वरून सुटला आणि हळूच पुढे वाकला. स्क्रू आखूड होते; बोर्डातून गेले ते फोममध्येच थांबले, भिंतीपर्यंत पोचलेच नव्हते.

“तुझी भिंत पाया पडतीय रं माझ्या,” आई म्हणाली.

“मग आशीर्वाद दे,” मी बोर्ड डोक्यावर पेलत म्हणालो.

लांब स्क्रू आणले, भिंतीत भोकं पाडून पक्के बसवले, सांधे पुट्टीनं बुजवले. मे महिन्यात वडील दुपारचे घोरू लागले. मी आल्यागेल्याला मुद्दाम त्या खोलीपाशी नेऊन घोरणं ऐकवायचो.

मग थंडी आली, आणि मी विचारायचंच विसरलो होतो ते कळलं. दिवसभर उन्हात तापलेल्या त्याच भिंतीला टेकून वडील संध्याकाळी कंबर शेकायचे. थंडीत धरलेली कंबर त्या उबेनंच सुटायची. आता टेकलं तरी पाठीला काहीच लागेना. ते कण्हत उठायला लागले. मी गरम पाण्याची पिशवी आणली. ती त्यांनी मांजराला दिली.

एका संध्याकाळी पाहतो तर खोलीत खाटच नाही. ती बाहेर, त्याच भिंतीला लावलेली, रस्त्याकडे तोंड करून. वडील शाल पांघरून आरामात टेकलेले. शेजारचे एक जण थांबून विचारत होते, “का वो आबा, पोरानं बाहेर काढलं का काय?”

“न्हाई. त्यानं भिंतीला आतनं स्वेटर घातलाय. ऊब सगळी हितंच ऱ्हाती.”

शेजारी हसत गेले. मी म्हणालो, “आबा, खाटेपुरता बोर्ड काढून टाकू का?”

“नको. उन्हाळ्यात झोप लागती मला.” त्यांनी सरकून जागा केली. मीही पाठ टेकली. भिंत खरंच लई उबदार होती.

“फक्त एक कर,” ते म्हणाले. “आता बाहेरनं काय डकवू नको.”