जनूकाकांचा कप्पा

सरकारी दवाखान्यात औषधं एक्स्पायर होतात, किस्से नाहीत! पनवेलजवळच्या आमच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन. लोकांचं रक्त तपासता तपासता पोतंभर किस्से जमले. त्यातले निम्मे आमचे स्टोअरकीपर जनूकाका आणि त्यांच्या एका कप्प्याचे.

वाया गेलेली एक गोळीसुद्धा काकांच्या जिवाला लागते. म्हणून मुदत संपत आलेला माल ते दारासमोरच्या कप्प्यात मांडतात. डोळ्यांसमोर असलं की आधी वापरलं जातं, एवढंच. एकदा तिथे सर्पदंशाची इंजेक्शनं आली. सहा महिन्यांत साधा विंचू चावलेला पेशंट नव्हता. दुसऱ्याच दुपारी वीटभट्टीवरच्या एका बाईला घोणस चावली. बाई वाचली.

काका म्हणाले, "औषध वाया जात नाय. त्याला मानूस लागतो, येवढंच!"

आम्ही हसलो. डॉक्टरसाहेब जरा जास्तच. कप्प्यात रेबीजची लस बघून म्हणाले, "काय काका, आज कुत्र्यांचा मोर्चा आहे वाटतं?"

जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये कुत्र्याने साहेबांचीच पोटरी धरली!

काका लस घेऊन उभेच होते. "साएब, बसा."

मग माळ्यावर धूळ खात पडलेल्या लहान मुलांच्या कुबड्या काकांनी पुसून कप्प्याला टेकवल्या. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने धसका घेतला. घरी जाऊन मुलीची सायकल कुलपात घातली. पोरगी घरातल्या सोफ्यावरून पडली. पाय फ्रॅक्चर!

त्यानंतर कोणी हसेना. सकाळी आल्यावर लोक आधी कप्पा बघायचे, मग हजेरी लावायचे. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू?

रंजना सिस्टरला आठवा महिना होता. त्या सकाळी कप्प्यात एक सीलबंद पाकीट होतं. नवजात बाळाला श्वास द्यायची छोटी बॅग आणि मास्क. आमच्याकडे जादा आलेली, मुदतीला दोन महिने उरलेले. रंजना दारातच थिजली.

"काका, फेकून द्या ती!"

"टाकवत नाय गं पोरी."

"मग लांब पाठवा. कुठे, तेही मला सांगू नका!" ती रडायलाच लागली.

काकांनी फोन फिरवले. उरणजवळ मोऱ्याच्या दवाखान्यात तशी बॅग नव्हती. मी स्वतः बाइकवरून नेली, तिथल्या सिस्टरच्या हातात दिली आणि परत आलो. कप्पा रिकामा! त्या दिवशी सगळ्यांनी मिळून मिसळ मागवली. रंजनाने दोन पाव जास्त खाल्ले.

नववा लागला तसा तिच्या मावशीने हट्ट धरला. डोहाळजेवण होडीतलं, तेही खऱ्याखुऱ्या होडीत! मावशी मोऱ्याची. तिच्या घरची होडी फुलांनी सजवली, ओटी भरली, फोटो काढले. होडीतून धक्क्यावर पाय ठेवताना रंजनाला कळा सुरू झाल्या. पनवेल गाठण्याइतका वेळ नव्हता. तिथल्याच दवाखान्यात बाळ झालं, पण रडेना. निळं पडत चाललं. तिथल्या सिस्टरने कपाट उघडलं आणि पाकीट फाडलं.

संध्याकाळी मी स्टोअरमध्ये काकांशी बोलत होतो, तेव्हा रंजनाचा फोन आला. मागे बाळ टाहो फोडत होतं. एवढं बरं वाटलं मला!

"दादा, बाळ छान आहे," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "ती बॅग तुम्ही लांब पाठवली होती ना?"

"हो."

"कुठे?"

मी फोन काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला नाही.