देवीला खुर्ची, मला नाही

कोरोनातून मी वाचले याचं घरात कौतुक झालं, ते महिनाभर टिकलं. मग मी ओट्याला टेकून उभी राहायला लागले आणि कौतुक संपून चौकशा सुरू झाल्या. "आई, परत बसलात?" "आई, गॅस चालू आहे." "आई, ही भाकरी आहे की कोळसा?"

भाकरी हा माझा धंदा. कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडीच्या बाजूला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरून मी भाकऱ्या विकते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण काठवटीत. नवरा जवळच्या मोहने गावात कारखान्यात होता तेव्हा सुरू केलं. लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला होता. लोक म्हणाले, भाकरी चांगली आहे. तो गेला, धंदा राहिला. स्टेशनजवळच्या एका खानावळीत सकाळी डबा जातो आणि आसपासच्या नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी घेऊन जातात. भाकरी आहे म्हणून या घरात माझा शब्द चालतो. ज्या दिवशी ती बंद होईल त्या दिवशी मी दिवाणावरची उशी. कोणीही उचलून बाजूला ठेवावी.

म्हणून उभं राहता येत नाही हे मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही.

आडवी असले की मी ठणठणीत. बसले की बरी. उभी राहिले की छातीत कोणी उखळात कांडल्यासारखं धाडधाड सुरू. कानात शिटी, डोळ्यांपुढे कडेकडेने अंधार. पाय तर जांभळे पडायचे, जरा खाटेवर वर घेतले की परत माणसाच्या रंगाचे. पंख्याखाली बसून पाठ भिजायची आणि भर उन्हात बाजारात जाऊन आले तरी घामाचा टिपूस नाही. दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं. आणि शब्द सापडत नसत. भाजीवालीला म्हणायचे, "ते हिरवं दे." ती म्हणायची, "आजी, इथे सगळंच हिरवं आहे."

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. छातीची ईसीजीची पट्टी काढताना त्यांनी मला झोपवलं, बीपी बघताना बसवलं. दोन्ही उत्तम. उभं करून कोणी बघितलंच नाही. मी म्हटलं, "अहो, मला उभं राहिल्यावर होतंय." ते म्हणाले, "मग बसा ना. आराम करा, देवाचं नाव घ्या."

मी म्हटलं, "ते फुकट सांगणाऱ्या बायका आमच्या जिन्यात आहेत."

मुलगा माझा चांगला आहे, फक्त मोबाइलवर वाचतो. म्हाताऱ्या माणसाला मीठ म्हणजे विष, असं त्याने वाचलं. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, खारवलेल्या मिरच्या शेजारी गेल्या आणि आमटी अशी व्हायला लागली की दवाखान्यातलीसुद्धा बरी. एक दिवस तव्यावरची भाकरी उलटताना माझा तोल गेला आणि मनगट भाजलं. तेवढं त्याला पुरलं.

"आई, दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर खानावळवाल्याला मी सांगून टाकतो."

"तू कोण सांगणारा? तू थापतोस?"

"तू पडलीस तर उचलायला मीच आहे ना?"

उत्तर नसलं की मी मिश्री लावते. ती लावली.

तेवढ्यात नवरात्र आलं. आमच्या इमारतीत पार्किंगमध्ये देवी बसते आणि रोज संध्याकाळी आरती. आरतीला कोणी बसायचं नाही, असा दंडक आहे. पाय मोडलेला माणूससुद्धा खांबाला धरून उभा राहतो. चेअरमनची बायको, तिला सगळे चेअरमनबाईच म्हणतात, तिला मी आधीच विचारलं, एक खुर्ची मिळेल का.

"आजी, पाच मिनिटांचा प्रश्न. आईसमोर काय बसायचं?"

पाच मिनिटं. आधी गणपतीची, मग देवीची, मग शंकराची, मग कोणी मोबाइलवरून नवीन शिकून आलेली, तिची चाल कोणालाच येत नव्हती. त्यानंतर ती लांबलचक पुष्पांजली, जिचा फक्त शेवट सगळ्यांना पाठ असतो. माझी छाती पहिल्याच आरतीत धावायला लागली होती. पडू नये म्हणून मी एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होते. अंबाडा सुटला. हात थरथरायला लागले. श्वास पुरेना म्हणून तोंडातून 'हं... हं...' असा आवाज यायला लागला. मी तो थांबवणार होते, पण तो माझं ऐकत नव्हता.

चेअरमनबाई ओरडली, "आई आली गं! आजींच्या अंगात आई आली!"

टाळ्या दुप्पट जोरात. कोणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं, अर्धं डोळ्यात गेलं. दोन बायका पाया पडल्या, त्यातली एक माझ्याशी नळाच्या पाण्यावरून बोलत नव्हती.

"बोल आई, काय पाहिजे तुला?" चेअरमनबाईने हात जोडून विचारलं.

"खुर्ची," मी म्हटलं.

क्षणात आली. साधी नाही, नगरसेवक येणार म्हणून ठेवलेली लाल गादीची. मी बसले. डोळ्यांपुढचा अंधार थोडा मागे सरला.

"अजून काय पाहिजे आई?"

"पाणी. मीठ टाकून."

आता मीठ का मागितलं म्हणाल, तर महिनाभर अळणी खाऊन मला स्वप्नातसुद्धा लोणचं दिसत होतं. गर्दीत कुजबुज झाली. मागून एकीने विचारलं, "उपासाचं की साधं?"

"साधं!" मी ओरडले. तो आवाज मात्र देवीसारखा निघाला असावा, कारण ती बाई धावतच सुटली.

पाणी प्यायले. जरा जिवात जीव आला. तेवढ्यात दुसरी पुढे आली. "आई, माझ्या मुलाचं लग्न कधी जमेल?"

"आधी त्याला नोकरी लागू दे."

"खरं बोलली!" सगळ्या म्हणाल्या. ही गोष्ट इमारतीत कुत्र्यालासुद्धा माहीत होती. पण मी खाटेवरून सांगितली असती तर भांडण झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर मिठाच्या पिशव्या. एकीवर हळदकुंकू, एकीवर झेंडूचं फूल. देवीने मीठ मागितलं, ही बातमी मागच्या इमारतीपर्यंत गेली होती. मुलगा पिशव्यांकडे बघत उभा राहिला. प्रसाद, फेकवत नाही. आत आणल्या. त्या दिवशी आमटीला चव होती.

दुपारी चेअरमनबाई वर आली. चहा घेतला, पदर सावरला.

"आजी, दर मंगळवारी बसाल का? पार्किंगमध्ये सतरंजी टाकू. बायका लांबून येतील. नारळ, ओटी, सगळं तुम्हाला."

"आणि माझ्या भाकऱ्या?"

"आता तुम्ही कशाला थापताय? लोक तुम्हाला आणून देतील."

ती गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "आई, तसं बघितलं तर बसून करायचं काम आहे."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी भरायला निघून गेला. आणि पाणी त्या वेळी येत नाही.

सून हे सगळं ऐकत होती. ती ठाण्याला नोकरी करते, घरी आली की पाय वर करून बसते आणि कमी बोलते, म्हणून आमचं बरं चालतं. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "आई, काल बसल्यावर बरं वाटलं ना?"

"हो."

"आडवं झालं की एकदम बरं?"

"हो गं. सांगून सांगून तोंड दुखलं."

"आमच्या ऑफिसात एकीला कोरोनानंतर हेच झालं. वय तिचं तिशीचं, म्हणजे म्हातारपण नाही. ती ठाण्याला एका डॉक्टरणीला दाखवते. जाऊ या."

गेलो. डॉक्टरीण पोरसवदा, पण तिने पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलं. मला झोपवलं, निवांत पडू दिलं, ठोके आणि बीपी बघितलं. मग म्हणाली, "आता उभ्या राहा आजी. भिंतीला टेकायचं नाही, बोलायचं नाही." बोलायचं नाही हे जास्त अवघड होतं. यंत्रावरचा आकडा पळायला लागला. माझा जीव घशाशी आला आणि ही म्हणते, "छान, छान." मग तिने मला लगेच झोपवलं, म्हणून माफ केलं.

तिने समजावलं ते मला समजलं तसं सांगते. शरीरातली काही कामं आपल्याला न विचारता चालतात. ठोके, घाम, पचन, रक्ताचा दाब. त्यांच्या नसा वेगळ्या. माणूस उभा राहिला की रक्त पायात उतरतं. मग त्या नसा हुकूम देतात, पायातल्या रक्तवाहिन्या आवळा, रक्त वर ढकला. आपल्याला पत्ताही लागत नाही. कोरोनानंतर काही जणांच्या या नसांचा कारभार बिघडतो. हुकूम नीट जात नाही, रक्त खाली राहतं आणि बिचारं हृदय भरपाई म्हणून धावत सुटतं.

"म्हणजे आमच्या इमारतीचा पंप," मी म्हटलं. "ऑटोमॅटिकचा डबा जळला तेव्हा पंप नुसता घरघर करायचा आणि तिसऱ्या मजल्याला थेंब नाही."

"साधारण तसंच. आणि तिसरा मजला म्हणजे डोकं."

"बरं कधी होणार?"

"खरं सांगू? सांगता येत नाही. काहींचं हळूहळू सुधारतं, काहींचं बराच काळ राहतं. पण सांभाळता येतं."

ही बाई मला आवडली. सगळे डॉक्टर असं म्हणाले असते तर देवांचं काम हलकं झालं असतं.

मग तिने नियम सांगितले. झटकन उठायचं नाही. आधी कुशीवर, मग बसायचं, मग उठायचं. थोडं थोडं खायचं. आंघोळीला कढत पाणी नाही. आडवं पडून करायचे व्यायाम. आणि पाणी भरपूर, मीठसुद्धा नेहमीपेक्षा जास्त. मुलाने खुर्चीत चुळबुळ केली. ती त्याला म्हणाली, "यांचं बीपी जास्त नाही, मूत्रपिंडं चांगली आहेत, म्हणून यांना सांगतेय. बाकी कोणाला देऊ नका." लगेच माझ्याकडे वळून, "शेजारणींनाही नाही." सुनेने तिला मिठाच्या पिशव्यांचं सांगितलं होतं, चोंबडीने.

शिवाय मोजे. साधे नाहीत, मांडीपर्यंतचे, असे घट्ट की सकाळी अंथरुणावरच चढवायचे. मी आडवी, सून एका टोकाला, मोजा मध्ये. पहिल्या दिवशी आम्ही दोघी हसून दमलो. एवढे पाय माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी धरले नव्हते.

"आणि भाकऱ्या?" मी शेवटी विचारलं. मला विचारायचं होतं ते एवढंच.

"बसून करा."

सांगायला सोपं. गावाकडे चुलीपुढे बसूनच थापत होतो. पण गॅसची शेगडी जमिनीवर ठेवायची तर मुलगा म्हणाला स्फोट होईल, आणि खालून उठताना तर मला सगळ्यात जास्त गरगरतं. घरातली खुर्ची ओट्याला लावली तर माझी हनुवटी काठवटीला लागायची. उंच स्टूल हवं होतं, पाय टेकायला आडवी दांडी असलेलं. मुलगा उल्हासनगरला जुन्या फर्निचरच्या बाजारात गेला आणि एक घेऊन आला. काळं, चकचकीत, गोल गादीचं.

"हे कुठलं रे?"

"बंद पडलेल्या बारमधलं. तिथे असलीच मिळतात."

बसले. पीठ मळलं, गोळा केला, पहिला दणका दिला आणि स्टुलासकट फिरून फ्रीजकडे तोंड झालं. ते फिरतं होतं. दारुड्यांना कशाला फिरवायचं असतं देव जाणे, ते आपोआप फिरतात. मुलाने वेल्डिंगवाल्याकडून त्याची फिरकी बंद करून आणली.

मंगळवारी सकाळी मी त्या स्टुलावर बसून खऱ्या कामाला लागले. थापायला जोर पूर्वीसारखा येत नव्हता. उभं राहून सगळं अंग हातात उतरतं, बसून नुसते खांदे. पहिल्या दोन फुगल्याच नाहीत. चारपाच झाल्या की छाती ढोल वाजवायची. मग गॅस बंद, खाटेवर आडवी, पाय उशीवर, पुन्हा स्टूल. मुलगा कामावर जायचा सोडून दारात घुटमळत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने बघितलं तर बघू दे.

अशात चेअरमनबाई वर आली. नवी साडी, हातात ताट.

"आजी, चला. खाली बायका थांबल्यात."

"त्यांना सांग, देवी नव्हती ती. माझ्या नसांचा बिघाड आहे, कोरोनानंतरचा. ठाण्याच्या डॉक्टरणीने उभं करून तपासलं."

"असं बोलू नये. आम्ही डोळ्यांनी बघितलंय."

"मी आतून बघितलंय."

"तुम्हाला कळत नाही आजी. ज्याच्या अंगात येते त्याला आठवत नसतं."

मला तर उपासाचं की साधं, तेही आठवत होतं. ती वाकून पाया पडायला गेली आणि तिचा हात मोज्याला लागला. दचकली.

"हे काय?"

"मोजे. आता सरक, तव्यावर भाकरी आहे."

ती ताट घेऊन उतरली. खाली तिने काय सांगितलं मला माहीत नाही. काही बायका अजून जिन्यात भेटल्या की पदर डोक्यावर घेतात. घेऊ देत.

खानावळवाला डबा घ्यायला स्वतः वर आला. स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डब्याचं झाकण उघडलं.

"आजी, आज निम्म्याच?"

"निम्म्याच."

"आणि जाड आल्यात."

"पातळ पाहिजे असेल तर बायकोला सांग थापायला."

त्याने एक भाकरी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, परत ठेवली.

"उद्या?"

मी दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं. तो चपला घालायला लागला.

"उद्याही निम्म्याच," मी म्हटलं. "आणि जरा उशिरा ये."