सुभद्रावहिनीची लाथ आणि ज्योतीरामदादाचा खांदा

आमच्या पिंपळे सौदागरात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो वैद्याकडं जात नसे; सुभद्रावहिनीच्या दारात जाऊन ओणवा उभा राहत असे. वहिनी पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी आले, आणि अशा माणसाची लाथ बसली की उसण पळते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाकरी थापता थापता ती उठायची, आलेल्याच्या पाठीत तीन लाथा घालायची आणि पुन्हा परातीशी बसायची. अख्ख्या गावानं तिच्या लाथा खाल्ल्या. राहिला होता तो एकटा तिचा नवरा, आणि गरज होती ती नेमकी त्यालाच.

नवरा म्हणजे माझा चुलतभाऊ ज्योतीरामदादा. छप्पन साली तो पिंपरीच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात हंगामी म्हणून लागला. शिफ्टभर बाटल्यांची खोकी उजव्या खांद्यावर घ्यायची आणि ट्रकवर चढवायची. डावा खांदा नुसता शोभेला. दोन महिन्यांतच मान आणि उजव्या खांद्याच्या मधोमध असा ठणका लागला, की हात वर करून डोक्याला पटका गुंडाळता येईना. दसऱ्यानंतर साहेब खोकी उचलायला लावून माणसं कायम करणार होते. ज्याला उचलवेना, त्यानं घरी बसायचं.

पण बायकोची लाथ? अहो, बायकोचा पाय चुकून लागला तरी ती पाया पडते. इथं तर मुद्दाम घालायची! वहिनी म्हणायची, "मला नरकात धाडताय व्हय?" दादा म्हणायचा, "मर्दाच्या जातीला शोभतं का ते?" तोवर डाग देऊन झाला, बिब्बा घालून झाला, रावेतच्या एका बाबानं धूर देऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. दर उपायानंतर दादा एकच म्हणे, "घरात औषध हाय रं अर्जुना, पन घेता येत न्हाई." मला हसू यायचं आणि त्याची कीवही यायची.

शेवटी अक्कल चालवली मालोजीकाकांनी. गावात कुणाचंही काही अडलं की काका न बोलावता हजर. म्हणाले, "लाथ कुनाला बसली हेच बाईला ठावं नसलं, तर पाप कसलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं! ओसरीत लुगडं आडवं बांधायचं, पलीकडं तीन पुरुषांनी ओणवं व्हायचं आणि वहिनीनं लुगड्यावरूनच तिघांना लाथा घालायच्या. पहिला शेजारचा रंगराव, दुसरा मी, तिसरा दादा. मला काडीचं दुखत नव्हतं हो! पण संख्या भरायला माणूस पाहिजे. काका स्वतः मात्र उभे राहिले नाहीत. त्यांना म्हणे देखरेख करायची होती.

वहिनीनं पदर खोचला. रंगरावाला जेमतेम पाय टेकवला. मला जरा बरी बसली. तिसऱ्या पाठीपाशी ती क्षणभर थांबली. अठरा वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याची पाठ लुगड्याआडून ओळखू येत नाही, असं फक्त मालोजीकाकांनाच वाटू शकतं. मग जी लाथ बसली, तिनं दादा लुगड्यासकट उखळावर जाऊन आदळला. "अगं आई गं!" करत वहिनी धावली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. काका खूश. "बसली! गेली उसन!"

गेली कसली! दुसऱ्या दिवशी खांदा तसाच, वर गुडघा सुजलेला. दादा ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. "येवढा एक उपाय शिल्लक हाय म्हून धीर व्हता रं. आता काय ऱ्हायलं?" मला काकांचा संताप आला, आणि ओणवं उभं राहिलो म्हणून स्वतःचाही. दादाला ओढतच कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. साहेबाच्या कानावर जाईल म्हणून तो वर्षभर तिकडं फिरकला नव्हता.

तिथल्या नर्स इंदुताईंनी खांदा अंगठ्यानं चाचपला, एका जागी थांबून दाबला. दादा ओरडला, "कानामागं कळ गेली!"

"ही उसण नव्हे," त्या म्हणाल्या. "एकाच खांद्यानं वर्षभर ओझं वाहिलंत, तिथला स्नायू आखडून गाठ धरलीय. कळ डोक्यात जाते, पण मूळ इथं आहे. रोज शेकायचं, घरच्या कुणी ही गाठ सोसेल इतपत दाबून धरायची, मग मान हळूहळू दुसऱ्या बाजूला कलवायची. खोकी दोन्ही खांद्यांवर आलटून पालटून घ्या. एका दिवसात जाणार नाही. गेली तरी पुन्हा येईल, पुन्हा हेच करायचं."

काकांना सांगितलं तर म्हणाले, "हॅट्! यात औषध कुठं हाय?"

दसऱ्यानंतर दादानं निम्मी खोकी डाव्या खांद्यावरून चढवली आणि तो कायम झाला. थंडीत कळ अजून येते. पण मला आठवते ती दवाखान्यातून आल्यावरची पहिली संध्याकाळ. वहिनीनं गरम विटेनं खांदा शेकला. गाठ कुठं आहे ते मी दाखवायला गेलो, तोवर तिचा अंगठा नेमका तिथं जाऊन बसलासुद्धा.

"तुला कसं कळलं?" दादानं विचारलं.

"वरीसभर ठावं हाय मला. निजताना हात लागायचा."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मला इचारलं कुनी? समद्या गावाला माझा पाय पायजे व्हता."

दादानं मान हळूच दुसऱ्या बाजूला झुकवून तिच्या अंगठ्याला जागा करून दिली. मी वीट पुन्हा तापवायला चुलीकडं घेऊन गेलो.