तिघांचा तंबू

दुकानात त्यांना सगळे घडीकाका म्हणत. हे नाव दिलं होतं एका गिऱ्हाइकाने. सहलीवरून परतलेलं एक कुटुंब तंबू घेऊन आलं होतं, म्हणजे तंबूच त्यांना धरून घेऊन आला होता म्हणा ना. चौघं चार बाजूंनी त्याला दाबत होते आणि तो पाचवीकडून फुगत होता. हे झटक्यात उघडणारे तंबू असेच. हवेत फेकला की घर उभं, अशी त्यांची जाहिरात. मिटायला काय करावं लागतं, ते जाहिरातीत नसतं. काकांनी तो गुडघ्याखाली धरला, पीळ देऊन आठचा आकडा केला, एक कडं दुसऱ्यावर सरकवलं आणि पिशवीची चेन ओढली. "तुम्ही तर घडीकाका!" त्या घरातला बाप म्हणाला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

उन्हाळा म्हणजे जगाची सुट्टी आणि काकांची सत्त्वपरीक्षा. शाळा बंद झाल्या की घरंच्या घरं दुकानात लोटत. सगळ्यांचं मागणं एकच: अख्खा संसार बरोबर हवा, पण तो गाडीच्या डिकीत मावला पाहिजे. मग काका दाखवायला लागत. मुठीएवढी होणारी उशी. चपटी होणारी बादली. एकात एक बसणारी भांडी, त्यांच्या पोटात मग, मगाच्या पोटात घडीचा स्टोव्ह. डोक्याला बांधायचा दिवा. खुर्ची तर अशी, की मिटली की छत्री वाटावी. 'आटोपशीर' हा शब्द ते दिवसभरात इतक्यांदा उच्चारत की घरी कोणी तो काढला असता तर त्यांनी जेवणाचं ताट भिरकावलं असतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. काकांचा धंदा नेमका उलटा, लोकांचे पाय पाहून अंथरूण विकायचा.

तंबू घेणाऱ्याला ते एक गोष्ट मात्र हटकून सांगत. "त्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. चौघांचा म्हणजे चौघं एका कुशीवर, श्वास रोखून. तुम्ही चौघं ना? मग पाचजणांचा न्या." लोकांना वाटे, काय अनुभवी माणूस आहे! खरं सांगायचं तर काका जन्मात कधी तंबूत झोपले नव्हते. सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकण्याचा. लोक फिरायला जात तेव्हा काका दुकानात असत आणि काकांना सुट्टी मिळे तेव्हा उन्हाळा संपलेला असे.

घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यांच्या बायकोला आपण काकूच म्हणू. काकू एका हॉटेलच्या धुलाईघरात होत्या. वाफेच्या यंत्रातून निघालेल्या चादरी इस्त्री करायच्या आणि घड्या घालायच्या. म्हणजे नवरा तंबूंच्या घड्या घालतोय, बायको चादरींच्या. दोघांच्या घरातले कपडे मात्र खुर्चीवर ढिगाने पडलेले. त्या ढिगाखाली खुर्ची आहे हे धाकट्याला बरेच दिवस माहीत नव्हतं.

थोरली लेक बाराची, धाकटा आठचा. थोरलीने दोन उन्हाळे बापाचं डोकं खाल्लं होतं. "बाबा, माझ्या वर्गात सगळ्यांकडे तुझ्या दुकानातला तंबू आहे. आपल्याकडेच नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काका दर वेळी म्हणत, "पुढच्या वर्षी." पोरीने हळूहळू विचारणंच कमी केलं, आणि ते त्यांना जास्त लागलं.

आणि ऐन हंगामात दुकानाची फरशी फुगली. खाली पाण्याचा नळ फुटला होता. मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला आणि शनिवार-रविवार दुकान बंद ठेवायचं जाहीर केलं. दोन दिवस! बातमी ऐकली तेव्हा काकांच्या डोळ्यांसमोर ना नदी आली, ना झाडं, ना तारे. त्यांना दिसली आपली गादी. खिडकीचा पडदा ओढलेला, फोन बंद, आणि आपण पालथे. कंबर, गुडघे, हसून हसून दुखणारे गाल, सगळं त्या गादीवर टाकून द्यायचं. बाकी त्यांना काहीही नको होतं.

हे घरी कोणालाही सांगू नये एवढी अक्कल त्यांना होती, पण जेवताना तोंडातून निसटलंच. "शनिवार-रविवार बंद आहे आमचं." थोरलीचा घास हातातच राहिला. धाकटा खुर्चीवर उभा राहिला. काकांनी मोठ्या आशेने काकूंकडे पाहिलं, तर काकू म्हणाल्या, "बरं झालं. मी कामाची पाळी बदलून घेते. मामाला सांगते, तो गाडीने सोडेल." मामा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. घरोघरी सामान पोचवायची गाडी चालवायचा आणि शनिवार-रविवारी काय करावं हे त्याला सुचत नसे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी काकांची गत झाली. पण लेकीचा चेहरा असा काही फुलला होता की त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि मान हलवली.

सामान दुकानातूनच न्यायचं होतं. नमुन्यादाखल मांडलेल्या वस्तू वापरून परत आणायला बाईंची ना नव्हती. शुक्रवारी दुकान रिकामं झाल्यावर काका रॅकसमोर उभे राहिले. पाचजणांचा तंबू खाली, चौघांचा मधे, तिघांचा वर. त्यांचा हात वर गेला. हलका आहे, जिना चढून न्यायचाय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग त्याच हाताने तीन स्लीपिंग बॅग काढल्या, तीन ताटल्या, तीन मग, तीन दिवे. अख्ख्या दुकानात तेव्हा त्यांना विचारणारं कोणी नव्हतं, आणि स्वतःला विचारायची त्यांची तयारी नव्हती.

घरी थोरलीने पुढच्या खोलीतच तंबू उघडला. तो फाटकन उभा राहिला आणि दिव्याला लागला. पोरं आत शिरली, मधे काकू आडव्या झाल्या. "बाबा, तूही ये ना!" काका वाकले. त्यांचं डोकं आणि एक खांदा आत गेला, पुढे काही जाईना. धाकटा खिदळला. काका म्हणाले, "मी बाहेर झोपेन. तेवढीच मोकळी हवा." पोरांना ते फारच शूर वाटलं. काकूंनी मात्र तंबूच्या पिशवीवरचा आकडा वाचला आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. काका उगाचच खुंट्या मोजायला लागले.

सकाळी मामाच्या गाडीचा हॉर्न खाली वाजला. पोरं धडाधड जिना उतरली. काकूंनी स्वयंपाकघरात भांड्यांची पिशवी ओट्यावर उपडी केली.

"अहो, चहाचे मग तीनच कसे?"

"राहिला असेल एखादा."

"ताटल्या तीन. झोपायच्या पिशव्या तीन. दिवे तीन. एखादी वस्तू राहते माणसाची, सगळ्यांतली चौथीच राहत नाही."

"मी काय, तुझ्या मगातून पिईन चहा."

"आणि झोपणार कशात? माझ्या पिशवीत?" काकूंनी आवाज चढवला नाही. "अनोळखी लोकांना एक जास्तीचं माणूस धरून विकता तुम्ही. स्वतःच्या घराला एक कमी धरलंत. तुम्हाला यायचंच नाहीये."

काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"मी दमलोय गं."

एकदा ते निघालं म्हटल्यावर मागचं सगळं आलं. "मला दोन दिवस नुसतं पडायचंय. कोणी काका म्हणू नये, बाबा म्हणू नये. अहोसुद्धा म्हणू नये. तंबू बघितला की पळून जावंसं वाटतं मला. पण पोरीला नाही कसं म्हणू? दोन वर्षं म्हणतोच आहे."

आता काय ऐकावं लागणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. काकू स्टुलावर बसल्या. त्या हसतायत की रडतायत, ते काकांना पटकन कळेना. बहुतेक दोन्ही चाललं होतं.

"आणि मी कशाला चाललेय, असं वाटतं तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "जेवताना सुट्टीचं सांगून केवढ्या आशेने बघितलंत माझ्याकडे, मोडता कसा घालायचा, म्हणून चाललेय. पाळी बदलून मिळावी म्हणून सलग दोन पाळ्या उभी होते परवा. आधी बोलला असतात तर मीच पिशवीत पोरांपुरते दोनच मग ठेवले असते."

मामा शीळ घालत वर आला. दारातच काकूंनी त्याला विचारलं, "तू राहशील का रे पोरांबरोबर? आम्ही दोघं थांबतो."

"मी?" मामाने ओट्यावरची भांडी पिशवीत कोंबली, ती आणि तंबूची पिशवी एका हाताने उचलली. "ताई, अगं, कोणीतरी विचारावं म्हणून मघापासून शीळ घालतोय मी!"

लेकीला मात्र काकांनी स्वतः खाली जाऊन सांगितलं. थापा मारायच्या नाहीत, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. "मी येत नाहीये. आईही नाही. मामा राहील तुमच्याबरोबर."

"तुला बरं नाही का?"

"बरा आहे. दमलोय फक्त. खूप."

पोरगी गाडीतून खाली उतरली. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि ती ते लपवतही नव्हती. मग म्हणाली, "मग झोप. पण पुढच्या वेळी आधी सांग." काकांनी मान हलवली. धाकट्याला वेगळीच काळजी होती. "मामाला तंबू मिटता येतो?"

"नाही."

"मग?"

"कोंबा तसाच गाडीत. सोमवारी बघू."

गाडी कोपऱ्यावर वळली. काकूही पोरांना निरोप द्यायला उतरल्या होत्या; दोघं चार मजले चढून आले. काकांनी दार लावलं, कडी घातली, पडदा ओढला. ज्या क्षणाची आठवडाभर वाट पाहिली होती तो आला होता, आणि घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. "चहा टाकू का?" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं. मग ते आत डोकावले.

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. चपलेचा पट्टा सोडायला वाकल्या, एक चप्पल काढली, आणि तशाच भिंतीला टेकून झोपी गेल्या होत्या. काढलेली चप्पल मांडीवर होती. काका खाली बसले आणि त्यांनी दुसऱ्या पायाचा पट्टा सोडला. पाय सुजला होता. पट्ट्याचा वळ इतका खोल होता की तो एका दिवसाचा नव्हता. त्यांनी हलकेच पाय उचलून वर ठेवले, डोक्यामागे उशी सरकवली. तिला कशानेही जाग आली नाही.

काका तिथेच जमिनीवर बसून राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला दिवसाउजेडी झोपलेलं पाहिलंच नव्हतं. रोज ते अंग टाकत तेव्हा ती काहीतरी आवरत असे, आणि ते उठत तेव्हा ती उठलेली असे. ह्या घरात दमलेलं माणूस एकच, असं त्यांनी आजवर खुशाल धरून ठेवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तिच्या मांडीवरची चप्पल उचलली आणि आवाज होऊ नये म्हणून हातातच धरून ठेवली.