पुलगाव ते वर्धा, चार घड्याळं घेऊन

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर सांभाळून घ्या.

पुलगावहून सकाळच्या गाडीनं निघाले. पोलक्यात रुमालाची पुरचुंडी, तिच्यात यांची चार सोन्याची घड्याळं. हे गिरणीत होते. पोटाला चिमटा घेऊन एकेक जुनं घड्याळ घेत. आतलं मशीन परदेशी, पण वरचं सोन्याचं घर आपल्याकडच्या सोनारानं घडवलेलं, असंच घड्याळ त्यांना हवं असे. रोज सकाळी चारही घड्याळांना चावी देत. ते गेल्यापासून मी देते. गाडीत छातीशी टिकटिक चालली होती. शेजारणीला ऐकू जाईल म्हणून मी पदर आवळून बसले. बाहेर नुसत्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं).

यांच्या आजारपणात नणंदेनं पैसे दिले होते. तीन घड्याळांत ते फिटतील, असं मी धरलं होतं. चौथं विकायचं नव्हतं. त्याचं घर माझ्या बाबांनी घडवलेलं. बाबा सोनार होते. त्यांच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

वर्ध्याला उतरून तर्रीपोहे (वर झणझणीत रस्सा घातलेले पोहे) घेतले. दोन घास खाऊन उठले.

सराफ्यातल्या सोनारानं पहिलं मशीन उपसून काढलं.

"चालू हाय की हे!" तो हसला. "पण ताई, मशीनचे पैसे नाई भेटत. मी सोनं घेतो, टाइम नाई घेत."

तिन्ही घरांतून टाका (जोडाचा हलका धातू) वजा झाला. पैसे कमी पडले.

"अन् रुमालात काय लपवून राह्यल्या?"

ते नाही द्यायचं, असं म्हणायचं होतं. पण त्यानं हात पुढे केला आणि मी दिलं.

त्यानं ते कसोटीवर घासलं, भिंगाखाली फिरवलं. "बापरे! टाकाच नाई कुठं. एकाच तुकड्यातून ठोकलंय. कारागीर कोन होता?"

मी रिकाम्या रुमालाची घडी घालत राहिले.

"ह्याच्यातलं काईच कापत नाई, ताई. पुरा भाव."

बाबांनी दोन टाके मारले असते, तर टाका वजा होऊन पैसे तरीही अपुरे पडले असते आणि ते घड्याळ मी परत पोलक्यात घातलं असतं. काम चोख होतं, म्हणून गेलं. सोनं गिऱ्हाइकासमोरच आटवायची रीत. मी मुशीकडे (सोनं वितळवायचं भांडं) पाहिलं नाही.

रिकाम्या हातानं कसं जावं, म्हणून गोरसपाक (तुपातली बिस्किटं) घेतला आणि ऑटोनं पिपरीला नणंदेकडे गेले. ताईंनी नोटा दोनदा मोजल्या.

"माह्या भावानं उपाशी राहून जमवलीती. तू एका दिवसात फुकून आली!"

"हो, ताई."

"आता रडू नोको. जेवून जाजो."

जेवले. परतीच्या गाडीत कागदाच्या पुडीत चार उघडी मशीनं टिकटिकत होती. या वेळी पदर आवळला नाही. कोणी ऐकलं तरी चोरण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सवयीनं चावी द्यायला बसले. चावीची बोंडंही (चिमटीत धरून फिरवायची टोकं) सोन्याची होती, ती घरांबरोबरच गेली होती. दुपारपर्यंत एकेक मशीन थांबलं. ताईंचे पैसे मात्र पुरते फिटले.