दसऱ्याची सांडशी
झेंडूच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला की मला टेंभी नाक्याची आमची जुनी खोली आठवते. लग्नाला वर्ष झालेलं. मिलिटरीच्या लिलावातली मोडकी मोटारसायकल मी कुणाला न विचारता पडवीत जोडलेली. सासरे हसलेले, "जावईबापू, भंगार ते भंगारच." मी म्हटलं, "दसऱ्याला तुमच्या लेकीला हिच्यावरूनच कळव्याला आणतो, नाहीतर तुमचा उंबरा चढणार नाही." दसऱ्याला सकाळी पाने-पकडींची पूजा केली आणि संध्याकाळी निघताना बघतो तर टाकीखालच्या नळीतून पेट्रोल गळतंय. नट जरासा आवळायचा होता, पण पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही हा आमच्या घरचा नियम, आणि मी काही तो मोडणार नव्हतो. बायको नवं लुगडं नेसून उभी. तोंड उतरलेलं. मग म्हणाली, "अहो, पूजा तुमच्या हत्यारांची झाली. माझ्या सांडशीची कुठे केलीत?" आणि चुलीजवळची सांडशी तिने माझ्या हातात दिली. गळती थांबली, तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, आम्ही खाडीचा पूल ओलांडला. सासऱ्यांनी सोनं आधी गाडीला वाहिलं, मग मला दिलं. अजून दसऱ्याला मी सगळे पाने पूजेत मांडतो. सांडशी तेवढी बाहेर ठेवतो, आणि म्हातारी बघून हसते.