हातदिव्यावरची शिंगं

बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या वस्तू आम्ही काही जण कारंज्यात एका गोदामात जपतो. दर रविवारी हौसेनं जातो. सुरुवातीलाच मी फाटकवाल्याचा पितळी हातदिवा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला. बुडाशी खिळ्यानं कोरलेली बैलाची शिंगं होती. मला ते नुसते ओरखडे वाटले, म्हणून तेही घासून काढले.

पुढं इंझोरीहून एक म्हातारे फाटकवाले आपला दिवा शोधत आले. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खूण म्हणून शिंगं कोरली होती. प्रत्येक दिव्याच्या बुडावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"माहा नाई दिसत इथं."

"नसंल आला, काका," मी म्हणालो. खोटं बोललो.

तीन रविवार त्या दिव्याकडं बघवलं नाही. मग इंझोरी गाठली आणि काकांना सांगून टाकलं.

"पॉलिश पेपर कायले लावला लेका? घरचा गडवा होता काय तो?"

"चुकलं, काका."

"मंग मलेच येऊन शिकवा लागते तुमाले."

त्यांनी हाकललं असतं, तर मी गोदामात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. आता ते दर रविवारी येतात. त्यांचा अंगठा फिरल्याशिवाय आम्ही काहीच घासत नाही.

दिव्याखालच्या चिठ्ठीवर मी लिहिलं की शिंगांची खूण मी पुसली. त्यांना वाचून दाखवलं.

"बरं केलं. पन दिवा कोनाचा, तेबी लिव्ह ना."

त्यांचं नाव मी चिठ्ठीवर माझ्या कबुलीच्या वर लिहिलं.